पेठेत रहिवाशांना पार्किंग पास: आणायचा का, आणला तर कसा?

पेठेतला (धागाकर्ता)

कोल्हापुरात महाद्वार रोड, ताराबाई रोड, मिरजकर तिकटी या पट्ट्यात राहणाऱ्यांना शनिवार-रविवार म्हणजे काय ते सांगायला नको. बिंदू चौकातला वाहनतळ भरला की अंबाबाईला आलेल्या गाड्या मिळेल त्या बोळात घुसतात. केए, जीए, एमएच १२, एमएच १४. मालक दर्शनाच्या रांगेत आणि काचेवर फोन नंबर नाही. नवरात्रात तर विचारूच नका.

यावर गल्लोगल्ली घरगुती उपाय निघालेत. कुंड्या, फाटके टायर, रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पाइप, दोन खिळ्यांना अडकवलेली साखळी. आमच्या शेजारी एका दारापुढं जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा बारमाही उभा असतो. घरात गाडी नाही, पण जागा धरून ठेवलेली आहे. उद्या जावयाची गाडी आली तर?

बाहेरच्या बऱ्याच शहरांत यासाठी रहिवासी परवाना असतो. ठरावीक भागातल्या रस्त्यावर त्या भागात राहणाऱ्यांनीच गाडी लावायची, किंवा त्यांनी कितीही वेळ आणि बाहेरच्यांनी तास-दोन तास. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत हे १९७६ पासून चालू आहे. व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनमध्ये शेजारच्या कचेऱ्यांतले नोकरदार लोकवस्तीत गाड्या लावून जायचे, म्हणून तिथल्या प्रशासनाने कामाच्या दिवशी दिवसभर फक्त रहिवाशांना मुभा दिली. बाहेरच्यांवर हा अन्याय आहे म्हणून प्रकरण थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७७ साली निकाल लागला की यात घटनाबाह्य काही नाही, वस्तीतला गोंगाट, धूर आणि गर्दी कमी करण्यासाठी असा फरक करता येतो. म्हणजे कल्पना काही नवी नाही.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच चर्चा फीवर जाते. पाचशे घ्यायचे की हजार, आणि फुकट का नाही. माझ्या मते फी हा शेवटचा प्रश्न आहे, पहिलं काम टेप घेऊन गल्ली मोजायचं आहे.

हिशेब बघा. अग्निशमन दलाचा बंब धरा अडीच मीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर तरी मोकळा हवा. कडेला उभी असलेली चारचाकी आरसे मिटून १.७ ते १.९ मीटर. बेरीज ४.८ मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १६ फूट. याहून अरुंद गल्लीत एका बाजूला जरी चारचाकी लावली तरी बंब आत येत नाही. १२ फुटी बोळ म्हणजे ३.६६ मीटर. तिथं एक स्विफ्ट लावली की दोन मीटरही उरत नाहीत, बंब तर सोडाच, रुग्णवाहिकाही अडते. पेठेत असे बोळ किती आहेत ते तुम्हीच आठवा. तिथं पास कसला देणार? तिथं चारचाकीला मनाईच पाहिजे, मग ती बेळगावची असो नाहीतर घरमालकाची.

आणि जिथं १६ फुटांच्या वर रुंदी आहे तिथंही जागा मोजूनच पास द्यायचे. समजा १०० मीटरची गल्ली, गाड्या एकाच बाजूला. समांतर लावायची तर एका गाडीला साडेपाच मीटर धरा, कागदावर १८ गाड्या बसतात. त्यातून दारं, वळणं, नळकोंडाळं, विजेची डीपी, दुचाक्यांची जागा वजा करा. उरल्या १०-१२. या गल्लीत ४० पास वाटले तर पास ही नुसती चिठ्ठी झाली. बॉस्टनमध्ये रहिवासी परवाना फुकट आहे आणि संख्येवर मर्यादा नाही. परवाना खिशात असूनही लोक जागा शोधत फिरत असतात.

म्हणून प्रस्ताव असा: देवळाभोवतीचा छोटा भाग आधी घ्यायचा. गल्ली मोजायची, जागा ठरवायच्या, पांढरे पट्टे मारायचे, तेवढेच पास. एका घराला एक, दुसऱ्या गाडीला जागा उरली तरच आणि महाग. ठरावीक जागा कुणाच्याही नावावर नाही. बाकी तपशील चर्चेतून ठरू देत.

तुम्हाला काय वाटतं?

---

नादखुळा

भावा, ते समदं खरं हाय. पण गणपतीत मंडळाचा मांडव रस्त्यावर अकरा दिवस पार्क असतोय, त्येला कुठला पास देणार? एक नंबरचा का दोन नंबरचा?

---

गुजरीवाले

धागा चांगला आहे पण व्यापाऱ्यांचा विचार दिसत नाही. गुजरीत लग्नसराईला गिऱ्हाईक येतं ते निपाणी, गडहिंग्लज, इस्लामपूर, पार रत्नागिरीकडून. दागिने घेतलेलं कुटुंब पिशवी छातीशी धरून दसरा चौकापर्यंत चालत जाणार नाही. तुम्ही बाहेरच्या गाड्यांना गल्ल्या बंद केल्या तर ती गाडी महामार्गालगतच्या मोठ्या शोरूमला जाईल. तिथं वॉचमन छत्री धरून उतरवून घेतो.

पेठेत घरं आहेत तशी दुकानंही आहेत, आणि बऱ्याच जणांचं खाली दुकान, वर घर आहे. मी रहिवासी का व्यापारी?

---

पेठेतला

@गुजरीवाले, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बहुतेक ठिकाणी बाहेरच्या गाडीला बंदी नाही, साधारण दोन तासांची मर्यादा आहे. पासवाल्याला ती मर्यादा लागू होत नाही एवढंच. आपल्याकडेही दिवसा गिऱ्हाइकाला दोन तास आणि रात्री फक्त पास, असं करता येईल. दागिने बघायला दोन तास पुरतात, बायको बरोबर नसेल तर.

उलट आज तुमच्या दुकानासमोरची जागा कोण अडवतंय बघा. सकाळी दहाला येऊन रात्री नऊला निघणारी गाडी गिऱ्हाइकाची नसते. ती बहुतेक वेळा दुकानातल्याच कुणाचीतरी असते, शेजारच्या किंवा आपल्या.

---

गुजरीवाले

शेवटच्या वाक्यावर काही बोलत नाही. 😄 दोन तासांचं चालेल. पण मोजणार कोण?

---

काळा कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण अशा चर्चेत "मी घरफाळा भरतो, दारासमोरचा रस्ता माझा" हे वाक्य दहाव्या प्रतिसादाच्या आत येतंच.

सार्वजनिक रस्ता महापालिकेचा. घरफाळा तुमच्या मिळकतीचा आहे, समोरच्या डांबराचा नाही. कुणी तुमचं फाटक अडवलं तर तक्रार करायचा हक्क आहे, मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांत मिळकतीच्या ये-जा करण्याच्या वाटेवर गाडी लावायला मनाई आहे. पण फाटक नसलेल्या भिंतीपुढची जागा राखून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. कुंडी, टायर, साखळी हे सगळं रस्त्यावरचं अतिक्रमण. कायद्याच्या नजरेत बाहेरची गाडी आणि तुमची कुंडी यांत कुंडीची बाजू जास्त लंगडी आहे.

आता पास. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेली यंत्रणा, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, गाड्या कुठं आणि किती वेळ उभ्या राहतील ते ठरवू शकते. सम-विषम तारखेचे पी-१, पी-२ फलक तुम्ही रोज बघता, तसंच हेही अधिसूचना काढून करावं लागेल. नुसता महापालिकेचा ठराव पुरणार नाही, शहर वाहतूक शाखा सोबत पाहिजे. तालीम मंडळाने छापलेल्या पासला तर शून्य किंमत. एका भागात तसे पास वाटलेले मी पाहिले आहेत, वर मंडळाचा लोगो आणि खाली अध्यक्षांचा फोटो!

दंड: नो पार्किंगला आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपये. त्यात क्रेनचा खर्च वेगळा.

---

नववी गल्ली

राजारामपुरीचं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे भाविक नाहीत, क्लास आहेत, दवाखाने आहेत, कॅफे आहेत. संध्याकाळी पाच ते नऊ क्लासच्या पोरांच्या दुचाक्या दोन्ही बाजूंनी तिरक्या लावलेल्या. मधून केएमटीची बस सोडा, रिक्षा जात नाही. त्यामुळे पेठेचं मापं-पट्टे इथं जसंच्या तसं चालणार नाही, चारचाकी हा आमच्याकडे निम्माच प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे, समजा एका गल्लीत पास लावला तर त्या गाड्या हवेत विरणार आहेत का? त्या शेजारच्या गल्लीत येणार. मग ती गल्ली पास मागणार. मग त्याच्या पुढची. मी पुण्यात असताना सोसायट्यांच्या फाटकावर "भेटीस येणाऱ्यांनी वाहने बाहेर लावावीत" या पाट्या पाहिल्यात. एकाने लावली की सहा महिन्यांत अख्ख्या रस्त्यावर पाट्या. हद्द आखताना मुख्य रस्ता किंवा नाल्यासारखी ठळक सीमा घेतली नाही तर हे भांडण एका गल्लीचं दहा गल्ल्यांचं होणार.

---

जुना ओव्हरसिअर

नववी गल्ली यांच्याशी १००% सहमत. हद्दीवरच्या घरांचं भांडण सगळ्यात वाईट असतं. रस्त्याच्या या बाजूला पास आणि त्या बाजूला नाही, असं कधीही करू नये.

नोकरीत असताना रस्त्यांची मापं खूप घेतली, म्हणून एक सांगतो. गल्लीची रुंदी नकाशावर बघू नका. नकाशात १८ फूट दिसते आणि जाग्यावर १४ भरते. उरलेले चार फूट पायऱ्यांत, कट्ट्यात, दुकानाच्या फळीत आणि पत्र्याच्या छपरात गेलेले असतात. माप घ्यायचं ते गल्लीच्या सगळ्यात अरुंद ठिकाणी. बंब तिथंच अडतो, सरासरी रुंदीत नाही. आणि कोपऱ्याची वळणंही बघा. गल्ली पुरेशी रुंद असते पण तोंडाशी बंब वळत नाही, कारण कोपऱ्यावर कुणाची तरी जीप असते. कोपऱ्यापासून काही अंतर दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा मारून सक्तीने मोकळं ठेवावं लागेल.

अजून एक, बऱ्याच अपार्टमेंटचं तळमजल्याचं पार्किंग आज कुठं आहे ते तपासा. मंजूर नकाशात पार्किंग, प्रत्यक्षात गोडाऊन, झेरॉक्सचं दुकान किंवा पापडाचा उद्योग. अशा इमारतीला एकही पास देऊ नये, आधी पार्किंग मोकळं करा म्हणावं. पास योजनेचा हाच मोठा फायदा होऊ शकतो.

---

पेठेतला

ओव्हरसिअर साहेब, हा मुद्दा मूळ लेखात हवा होता. ज्यांच्याकडे स्वतःची जागा आहे त्यांनी ती वापरली तर रस्त्यावरचा भार किती हलका होईल! दोन-तीन गल्ल्यांत मापं घ्यायला आमच्याबरोबर येणार का?

---

टोलविरोधी

हे सगळं शेवटी पैसे घ्यायचं काम आहे. आज दारासमोर फुकट लावतोय, उद्या पास, परवा पासाची फी दुप्पट, तेरवा ठेकेदार. या गावानं टोल घालवलाय, २०१५ साली सरकारला माघार घ्यायला लावली. विसरू नका. पुण्यातही २०१८ ला रात्रीच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण आणलं होतं. लोक रस्त्यावर आले आणि शेवटी ते पाच रस्त्यांपुरतं आवरतं घ्यावं लागलं.

---

नादखुळा

+१. ठेकेदार म्हटलं की हात जोडतो.

---

फ्रायबुर्गी

मूळचा शिवाजी पेठेतला, काही वर्षं जर्मनीत. इथला किस्सा सांगतो, फीबाबत उपयोगी पडेल.

जर्मनीत रहिवासी परवान्याची फी कित्येक वर्षं कायद्याने ३०.७० युरोच्या वर नेता येत नव्हती, तीही वर्षाची! २०२० मध्ये ही मर्यादा उठवून राज्यांना मोकळीक दिली. आमच्या फ्रायबुर्गने लगेच फी सरासरी ३६० युरोवर नेली, आणि गाडीच्या लांबीप्रमाणे टप्पे केले. छोट्या गाडीला २४०, लांब गाडीला ४८०. गावात वादळ. एक नगरसेवक न्यायालयात गेले आणि जून २०२३ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. गंमत अशी की जास्त फी घेणं किंवा लांबीवर फी ठरवणं हे मुळात चूक आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. टप्प्यांतली उडी फार मोठी होती, जेमतेम अर्धा मीटर जास्त लांबीसाठी फी दुप्पट होत होती. गरीब-अपंगांना दिलेल्या सवलतीला कायद्याचा आधार नव्हता, आणि नियम ज्या स्वरूपात काढायला हवा होता तसा काढला नव्हता.

म्हणजे हेतू चांगला, पण कागद कच्चा. आपल्याकडे कुणी आणायचं ठरवलं तर काळा कोट यांना आधी बसवा.

बाकी @टोलविरोधी, बंगळुरूच्या पार्किंग धोरणातही असेच टप्पे आहेत. छोट्या गाडीला वर्षाला १००० आणि एसयूव्हीला ५००० रुपये. कागदावर येऊन काही वर्षं झाली. दिल्लीतही २०१९ मध्ये वाहनतळाचे नियम आले, लाजपतनगर-३ मध्ये प्रयोग झाला, सर्वोच्च न्यायालयानेही वस्त्यांमधले पदपथ मोकळे करायला सांगितलं. धोरण करणं सोपं असतं हो.

---

पेठेतला

@टोलविरोधी, टोलचा राग मलाही होता आणि आहे. पण फरक बघा. टोलचा पैसा गावातून बाहेर जायचा. इथं मी म्हणतो की फीचा पैसा त्याच गल्लीत खर्च झाला पाहिजे, आणि तसं अधिसूचनेत लिहून घेतलं पाहिजे. कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावाच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली मीटर बसवले तेव्हा दुकानदारांचा विरोधच होता. मीटरचा पैसा त्याच पेठेच्या पदपथावर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च करू असं ठरल्यावर तेच दुकानदार राजी झाले. आपल्या गल्लीतले दिवे, पट्टे, गटारीवरची झाकणं एवढं जरी त्या पैशातून झालं तरी कुणी तक्रार करणार नाही.

ठेकेदाराबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पास विभागीय कार्यालयातच मिळाला पाहिजे. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट अशी चार कार्यालयं आहेतच, घरफाळ्याच्या खिडकीशेजारी आणखी एक खिडकी.

---

भाड्याचं घर

सगळे घरमालकाच्या बाजूनं बोलताय. मी भाडेकरू, गाडी एमएच १० ची, आरसीवर पत्ता सांगलीचा. मला पास मिळणार का? आमच्या मालकांकडून भाडेकराराची नोंदणी करून घेताना घाम फुटला होता, ते पार्किंगसाठी ना हरकत देतील असं वाटत नाही. उलट एका घराला एक पास म्हटलं तर तो मालकच घेणार.

आणि एमएच ०९ बघून पास देणार असाल तर तोही घोळ आहे. ती पासिंग जिल्ह्याची आहे, गारगोटीची गाडीही एमएच ०९ च.

---

काळा कोट

पास घराला नव्हे, स्वयंपाकघराला द्या. म्हणजे स्वतंत्र वीज मीटर किंवा स्वतंत्र भाडेकरार असलेल्या प्रत्येक कुटुंबाला. आरसीचा पत्ता बघू नये, राहण्याचा पुरावा बघावा. मालकाची ना हरकत मागायचं कारणच नाही, रस्ता मालकाचा नाही हे वर लिहिलंच आहे.

---

माहेरवाशीण

आई-बाबा शुक्रवार पेठेत दोघंच असतात, बाबा अंथरुणावर. सकाळी एक मावशी येतात, रात्री एक मुलगा येतो, आठवड्यातून फिजिओथेरपिस्ट. तिघंही दुचाकीवर. शिवाय मी पुण्याहून येते ती कारने, कारण परत जाताना डबे, पापड, गूळ आणि आईचं "एवढंच ने" असतं. घरात स्वतःची गाडी एकही नाही. तुमच्या योजनेत या घराला शून्य पास, आणि गरज मात्र सगळ्यात जास्त.

पाहुण्यांची काय सोय?

---

फ्रायबुर्गी

इथं पाहुण्यांसाठी एक दिवसाची चिठ्ठी मिळते, तारीख टाकून काचेमागे ठेवायची. प्रत्येक घराला वर्षाला ठरावीक चिठ्ठ्या देता येतील. गाडी नसलेल्या घराला थोड्या जास्त. काळजीवाहू माणसासाठी मात्र वेगळा कायमचा पास हवा, नाहीतर तुमच्या घरच्या चिठ्ठ्या दोन महिन्यांत संपतील.

---

नववी गल्ली

आणि त्या चिठ्ठ्या क्लासवाल्यांना विकल्या जातील. बघाच. गौरी-गणपतीत तर काळाबाजार होईल.

---

नादखुळा

काय बोलालायसा ताई, चिठ्ठ्या कशाला विकतील? रंगीत झेरॉक्स मारतील. 😂

---

पेठेतला

झेरॉक्सवर उपाय आहे. पासवर गाडीचा नंबर, आणि नंबर थेट ई-चलानच्या यंत्रात. पोलिसाने प्लेटचा फोटो काढला की पास आहे का नाही ते तिथंच दिसलं पाहिजे. काचेवरचं स्टिकर शेजाऱ्यांसाठी, खरा पास यंत्रातच. पाहुण्याची चिठ्ठीसुद्धा मोबाईलवरून नंबर टाकून घेता आली पाहिजे. माहेरवाशीण यांच्या आईंना मोबाईल जमत नसेल तर विभागीय कार्यालयात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात.

@माहेरवाशीण, काळजीवाहूंचा मुद्दा फार महत्त्वाचा. दुचाकीचा पास तर मुळात नकोच असं माझं मत आहे. एका चारचाकीच्या जागेत चार-पाच दुचाक्या बसतात. त्यांना गल्लीच्या तोंडाशी स्वतंत्र पट्टा आखून द्यायचा, येईल त्याने लावावी. पास फक्त चारचाकीला.

---

टोलविरोधी

आणि क्रेन? एका संध्याकाळी देवळाच्या मागं माझी दुचाकी उचलली, तिथं फलकच नव्हता. फलक कुठाय विचारलं तर म्हणे खांब पडलाय. फलक उभा नाही तिथं दंडही नाही, हे आधी लिहून द्या.

---

काळा कोट

हे योग्य आहे. प्रत्येक गल्लीच्या दोन्ही तोंडांना मराठी आणि कन्नडमध्ये फलक हवा. येणारे भाविक निम्मे तिकडचे असतात. वेळ, कुणाला मुभा, आणि जवळचा वाहनतळ कुठं, हे तीनही त्या फलकावर पाहिजे. "नो पार्किंग" एवढंच वाचून परगावचा माणूस पुढच्या बोळात घुसतो, कारण लावायची कुठं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

---

जुना ओव्हरसिअर

अजून एका धोक्याकडे लक्ष वेधतो. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी सांगितलं की पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. ते कधी आणि कसं येईल ते येवो. पण उद्या रहिवासी पास निघाला तर लोक तोच दाखला म्हणून आरटीओत नेतील. "ही बघा माझी जागा." मग शोरूमवालाच पास काढून देईल, फायनान्सबरोबर.

जपानमध्ये हा दाखला १९६२ च्या कायद्यापासून आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते, आणि ती जागा रस्त्याबाहेरचीच लागते. सार्वजनिक रस्ता चालत नाही. आपल्या पासवरही ठळक छापलं पाहिजे की हा नोंदणीसाठी पुरावा नाही. नाहीतर जी योजना गाड्या आवरायला आणली तीच गाड्या वाढवेल.

---

पेठेतला

हे वाचून थबकलो. याचा विचार अजून कुठल्याच चर्चेत ऐकला नव्हता. मसुद्यात घेतो.

---

गुजरीवाले

मसुदा करताय तर एक विनंती. सुरुवात नवरात्रात करू नका. तेव्हा अख्खं पोलीस खातं दर्शनरांगेत असतं, आणि योजना पहिल्याच आठवड्यात बदनाम होईल. पावसाळ्यात करा, आषाढात. गर्दी कमी, लग्नं नाहीत, आम्हीही बसूनच असतो.

---

नादखुळा

आषाढात पट्टे मारलं तर पावसात धुऊन जातील की ओ शेठ.

---

गुजरीवाले

मग थर्मोप्लास्टिकचे मारा. 😄

---

भाड्याचं घर

मूळ धाग्यातल्या एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. १६ फुटांच्या आतल्या बोळात चारचाकीला पूर्ण मनाई. आमचा बोळ तेरा फुटांच्या आसपास असेल. आज तिथं रात्री भिंतीला चिकटून गाड्या उभ्या असतात, त्या मालकांना तुम्ही काय सांगणार? बंबाचा मुद्दा पटतो. पण त्या माणसाने गाडी घेतलीय, हप्ते चालू आहेत, आणि वाडा आजोबांच्या काळातला, त्यात पार्किंग येणार कुठून?

---

पेठेतला

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो पासने सुटत नाही, हे सरळ मान्य करायला हवं. त्यांना रात्रीची जागा द्यावी लागेल. पेठेत महापालिकेच्या शाळा आहेत, त्यांची पटांगणं संध्याकाळी सहानंतर रिकामी. बँका, सरकारी कचेऱ्या, मंगल कार्यालयं यांचे तळ रात्री मोकळे असतात. रात्री आठ ते सकाळी आठ तिथं महिन्याच्या फीवर गाडी लावायला दिली तर बोळातल्या बऱ्याच गाड्या हलतील. अट एकच, सकाळी आठला गाडी बाहेर. एक जरी गाडी मुलांच्या प्रार्थनेच्या वेळी पटांगणात राहिली तर मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

---

भाड्याचं घर

सकाळी आठला गाडी काढून ठेवायची कुठं?

---

पेठेतला

जे कामाला घेऊन जातात त्यांचा प्रश्न नाही. जे महिनाभर गाडी हलवत नाहीत आणि फक्त दिवाळीत धुतात, त्यांना भाड्याने जागा घ्यावी लागेल. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

---

जुना ओव्हरसिअर

रविवारी सकाळी सातला मिरजकर तिकटीला येतो, ३० मीटरची टेप माझ्याकडे आहे. टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल, वहीत लिहायला एक. नादखुळा, तुम्ही येताय. खडू घेऊन या.

---

नादखुळा

येतो की काका. मापं झाल्यावर मिसळ कुणाकडून तेवढं ठरवून ठेवा.